मागील बाकी : माणूस, समाज आणि संधी

वाणिज्य शाखेत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक साधा नियम शिकावा लागतो. नव्या वर्षाची कीर्द उघडली की तिच्यातील पहिली रक्कम त्या वर्षाच्या व्यवहाराची नसते. ती मागील बाकी असते. कीर्द लिहिणारा कारकून नवा असो, दुकानाचा मालक बदललेला असो, ती बाकी पुढे ओढावीच लागते. ती वगळून कोणी वर्षअखेरची शिल्लक सांगू लागला, तर त्याला कोणी हिशेब म्हणणार नाही.

माणसांचा हिशेब करताना मात्र आपण हा नियम सर्रास विसरतो. अमका हुशार म्हणून पुढे गेला, तमका आळशी म्हणून मागे राहिला, ती जमात मुळातच भित्री, तो समाज मुळातच धंद्यात चलाख, अशी वाक्ये आपण रोज ऐकतो आणि बोलतोही. या वाक्यांत माणसाच्या नावावर आज दिसणारी रक्कम तेवढी वाचलेली असते. ती कोणत्या पानावरून पुढे आली, हे पाहिलेले नसते. समाजशास्त्र हे मागचे पान पाहावयास शिकवते, असे थोडक्यात म्हणता येईल.

या शास्त्रातील दोन कल्पना आरंभीच सांगणे सोयीचे होईल. राल्फ लिंटन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये माणसाच्या सामाजिक दर्जाचे दोन प्रकार सांगितले. जन्मामुळे आपोआप मिळतो तो अर्पित दर्जा आणि स्वतःच्या प्रयत्नाने मिळवावा लागतो तो अर्जित दर्जा. मुलगा की मुलगी, कोणत्या जातीत, कोणत्या गावात, कोणत्या भाषेत जन्म झाला, हे सारे अर्पित. पदवी, नोकरी, धंद्यातील नाव हे अर्जित. दुसरी कल्पना सी. राइट मिल्स यांची. १९५९ मध्ये त्यांनी असे मांडले की एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव व कसब तपासावे. परंतु पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून उत्तर सापडणार नाही. पहिली खासगी अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न.

या दोन कल्पना परीक्षेपुरत्या पाठ करणे अवघड नाही. त्या खऱ्या माणसांना लावून पाहिल्या की काय दिसते, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी निवडलेले गाव आपल्यापासून पुष्कळ दूर आहे : मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले परसवाडा.

परसवाडाच का?

निपाणी भागातला तंबाखू आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ज्या पानात गुंडाळून विडी होते ते पान तेंदूचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला टेंभुर्णी म्हणतात त्या झाडाचे. आपल्या माळावर ही झाडे तुरळक दिसतात. परंतु व्यापाराचे पान मुख्यतः मध्य भारतातील जंगलांतून येते. बालाघाट हा अशा जिल्ह्यांपैकी एक. तेव्हा विडी ओढणाऱ्याच्या हातात आपला तालुका आणि परसवाड्याचे जंगल एकत्र आलेले असतात, म्हटले तरी चालेल.

माझे मामा पानाच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून आहेत. मे महिन्यात पानाची प्रत पाहण्यासाठी त्यांना तिकडे जावे लागते. दोन सुट्ट्यांत मीही त्यांच्याबरोबर गेलो. कोल्हापुरात महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले की ती थेट गोंदियाला नेऊन सोडते. तेथून बालाघाट रेल्वेने जवळच आहे, आणि पुढे घाट चढून वरच्या पठारावर परसवाडा. खालच्या बाजूस वैनगंगेचे भाताचे खोरे, वर साल व तेंदूचे जंगल. बाजारात हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी अशा चारही बोली कानावर येतात. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांवर होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. पठारावर हे प्रमाण डोळ्यांना सहज जाणवते.

सीमाभागातील वाचकांना या जिल्ह्याविषयी आणखी एका कारणाने जवळीक वाटावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याच दिवशी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी नागपूर व भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि भंडाऱ्याला लागून असलेला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी त्या राज्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. एका दिवसात कचेरीची, शाळेची आणि नोकरीच्या अर्जाची भाषा बदलणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

आळशी कोण?

परसवाड्याच्या परिसरात बैगा ही आदिवासी जमात राहते. तिच्याविषयी तिकडच्या बाजारपेठेत एक मत ठरलेले आहे : बैगा कामाला आळशी, उद्याचा विचार न करणारा. हे मत आजचे नाही. ते कसे तयार झाले हे पाहण्यासारखे आहे.

बैगांची जुनी शेती नांगराची नव्हती. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळलेला पालापाचोळा जाळायचा आणि पाऊस येताच त्या राखेत कोदो, कुटकी यांसारखी धान्ये पेरायची. काही वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरा घ्यायचा, म्हणजे पहिल्यावर पुन्हा जंगल उभे राहते. या पद्धतीला बेवर म्हणतात. नांगराने जमीन चिरणे म्हणजे धरतीमातेची छाती फाडणे, अशी त्यांची श्रद्धा होती. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात याचे सविस्तर वर्णन आहे.

इंग्रज सरकारची नजर वेगळी होती. सालाच्या लाकडाला किंमत होती आणि नांगराखालच्या जमिनीला सारा लावता येत होता. बेवरीतून सरकारला दोन्ही मिळत नव्हते. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाल्यावर वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना वरच्या पठारावर येऊन वस्ती करण्यास उत्तेजन देण्यात आले. तळी बांधून भात पिकविण्यात हे शेतकरी निष्णात होते. त्यांनी कष्टाने जमीन लागवडीस आणली, याबद्दल वाद नाही. दुसरीकडे जंगले राखीव होत गेली आणि बेवरीवर बंदी आली. १८९० मध्ये शेजारच्या मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ नावाचा एक भाग राखून तेवढ्यापुरती सवलत ठेवली. तो भाग आज दिंडोरी जिल्ह्यात आहे. बाकीच्या बैगांना सांगण्यात आले की नांगर धरा.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. नांगर धरणे म्हणजे काय? बैलजोडी पाहिजे, बियाणे पाहिजे, पहिले पीक हाती येईपर्यंत घरात धान्य पाहिजे आणि नापिकीच्या वर्षी उसने देणारा कोणी पाहिजे. आपल्या भाषेत, स्थिर भांडवल पाहिजे, खेळते भांडवल पाहिजे आणि पत पाहिजे. यांपैकी काहीही नसलेल्या माणसाच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली, तर त्याच्यापुढे दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणे एवढाच मार्ग उरतो. त्या कामात त्याचे ज्ञान कामाला येत नाही आणि पिकात त्याचा वाटा नसतो. असा माणूस मन लावून काम करीत नाही, संधी मिळताच जंगलाकडे जातो. मालक म्हणतो, बैगा आळशी. आळशी म्हणून त्याला कोणी वाट्याने जमीन देत नाही, बियाणे उधार देत नाही. त्यामुळे तो मजूरच राहतो, आणि मालकाचे म्हणणे खरे ठरते. स्वतःच स्वतःला खरे करणाऱ्या अशा भाकिताचे विवेचन रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये केले आहे.

तोच बैगा औषधी मुळ्या ओळखण्यात, मध काढण्यात, जंगलातील वाट शोधण्यात दिवसदिवस न थकता राबतो. तेव्हा आळस त्याच्या अंगात आहे की कामाच्या अटींत आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि मोजमाप कसे बदलते तेही पाहावे. ज्या कोदो-कुटकीला गरिबाचे हलके धान्य म्हणून नाक मुरडले जात होते, त्या भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे सबंध वर्ष जाहीर केले. धान्य तेच आहे. त्याची किंमत ठरविणारा बदलला आहे.

तहसिलीची रेघ

आता दुसरे उदाहरण, गोंडांचे. हे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण यात चालीरीतींचा, श्रद्धेचा, कामाच्या सवयींचा काहीच संबंध नाही. आहे ती केवळ नकाशावरील एक रेघ.

राज्यघटना अमलात आल्यावर ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झाली. आपली अशी समजूत असते की यादीत जमातीचे नाव आले म्हणजे त्या जमातीचा प्रत्येक माणूस आत आला. तसे नव्हते. जमातीच्या नावाबरोबर प्रदेशही लिहिलेला होता. बालाघाट जिल्ह्यापुरता तो प्रदेश होता फक्त बैहर तहसील. परसवाडा आज स्वतंत्र तहसील आहे, पण त्या वेळी ते बैहर तहसिलीत होते. म्हणून परसवाड्याचा गोंड अनुसूचित जमातीचा ठरला. घाट उतरून बालाघाट किंवा वारासिवनी तहसिलीत राहणारा गोंड मात्र, त्याचा देव तोच, भाषा तीच, सोयरीक याच पठारावरची असूनही, यादीबाहेर राहिला. महाराष्ट्रातही तसेच. विदर्भात मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ हे सहा तालुके यादीत होते. भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा गोंदिया होते, त्यात नव्हता.

ही रेघ कोठून आली? १९३५ च्या कायद्याखाली इंग्रज सरकारने काही आदिवासी मुलूख ‘अंशतः वगळलेले’ म्हणून वेगळे काढले होते. त्यांत बैहर तहसील होती. राज्यकारभाराच्या सोयीसाठी आखलेली हद्द पुढे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि राखीव जागा यांचीही हद्द झाली.

हे प्रदेशाचे बंधन बहुतांशी काढून टाकणारा कायदा १९७६ मध्ये झाला आणि तो २७ जुलै १९७७ पासून लागू झाला. १९५० ते १९७७ म्हणजे सत्तावीस वर्षे. वारासिवनी तहसिलीत १९५० साली जन्मलेला गोंड मुलगा १९७७ मध्ये सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे शाळेचे वय संपले होते, कॉलेजचे संपले होते, आणि बहुधा स्वतःची मुले शाळेच्या वयाला येत होती. कायदा सुधारला तो त्याच्या मुलांसाठी. त्याच्या स्वतःच्या खात्यावर ती रक्कम कधीच जमा झाली नाही. याउलट घाटावरच्या त्याच्या मामेभावाला निदान कागदोपत्री तरी ती संधी होती. आज त्या दोघांच्या नातवंडांची तुलना करून कोणी म्हणाले की एका घराण्यात शिक्षणाची आवड आहे आणि दुसऱ्यात नाही, तर ते मत कितपत शास्त्रीय ठरेल?

कन्नड विभागाच्या मित्रांनी हा प्रश्न फक्त तिकडचा समजू नये. १९७६ च्या त्याच कायद्यातील कर्नाटकाच्या यादीत ‘कुरुब (कोडगू जिल्ह्यातील)’ अशी नोंद आहे, आणि ‘मराठा (कोडगू जिल्ह्यातील)’ अशीही. कंसातील ते शब्द लहान आहेत. परंतु एखाद्या मुलाची फी कोण भरणार हे त्यांवर ठरते.

कार्ड आणि लेखणी

तेंदूच्या हंगामाविषयी आता थोडे. मध्य प्रदेशाने या पानाचा व्यापार १९६४ च्या कायद्याने सरकारी नियंत्रणाखाली आणला. आज पाने गोळा करण्याचे काम प्राथमिक सहकारी समित्यांमार्फत चालते. पहाटे बायका, मुले, म्हातारे जंगलात जातात, पाने तोडतात, घरी आणून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात आणि संध्याकाळी त्या फडावर नेतात. फड म्हणजे पाने मोजून घेण्याची आणि वाळत घालण्याची मोकळी जागा. तेथे फडमुन्शी गड्ड्या मोजतो आणि संग्राहकाच्या कार्डावर आकडा लिहितो. हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. २०२३ मध्ये एका बोऱ्याची मजुरी ४,००० रुपये झाली. म्हणजे गड्डीला चार रुपये आणि पानाला आठ पैसे. एखाद्या कुटुंबाने दिवसाला शंभर गड्ड्या आणल्या, तर पाच हजार पाने तोडून, रचून, बांधून त्याचे चारशे रुपये होतात.

फडावर मी मामांच्या शेजारी बसून कार्डे पाहत असे. मुन्शी सचोटीचा माणूस होता. त्याच्या आकड्यात खोट नव्हती. पण पुष्कळ संग्राहक कार्ड पुढे करीत, आकडा लिहून होईपर्यंत जमिनीकडे पाहत आणि कार्ड कमरेला खोचून निघून जात. याविषयी मुन्शी म्हणाला, “सीधे लोग हैं, कुछ पूछते नहीं.” त्याच रांगेत एक आजी होती. तिच्याबरोबर सहावीतली नात होती. मुन्शीने कार्ड परत देताच नातीने ते हातात घेतले, आकडा मोठ्याने वाचला आणि आदल्या दिवसाची बेरीज बोटावर करून पाहिली. आजीने लगेच विचारले की गेल्या वर्षीचा बोनस खात्यावर कधी पडणार. पुढच्या चार बायका हे ऐकत थांबल्या आणि त्यांनीही तोच प्रश्न विचारला.

या सगळ्या एकाच टोल्यातल्या, एकाच जमातीच्या बायका. ‘सीधेपणा’ हा जर त्यांचा उपजत स्वभाव असता, तर एका सहावीतल्या मुलीच्या वाचनाने तो पाच मिनिटांत बदलला नसता. न विचारणे हा त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचाच व्यवहार होता. जो आकडा वाचता येत नाही त्याबद्दल भांडून उपयोग काय? उद्या पुन्हा याच मुन्शीपुढे पाने ठेवायची आहेत. परिस्थिती बदलताच वागणूक बदलली. समाज माणसाचे वागणे घडवितो म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या घरचे पान

दुसऱ्याच्या गावाचा हिशेब मांडणे सोपे असते. म्हणून थोडे आपल्याकडेही पाहू.

माझी आई अनेक वर्षे तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरात आम्ही दोघे, ताई आणि मी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे गणित माझ्यापेक्षा चांगले. आजही महिन्याचा किराणा ती कागद न घेता मांडते. आईचा खोकला वाढला तेव्हा ताई नववीत होती. घरात एक जण कमावता पाहिजे आणि एक जण स्वयंपाकाला पाहिजे, अशी वेळ आली. कोणी तिला रागावून शाळेतून काढले नाही. चर्चासुद्धा झाली नाही. ती थांबली, आणि मी पुढे गेलो. आमच्या गल्लीत त्या दोन वर्षांत शाळा सोडलेल्या मुली मी मोजून पाहिल्या, त्या सात भरल्या, मुलगे दोन. एका घरात मुलगी थांबली तर ती त्या घराची अडचण म्हणता येईल. एका गल्लीत सात मुली थांबतात, तेव्हा मिल्स यांचे म्हणणे आपल्या दारात येऊन उभे राहते. बी. कॉम. च्या हजेरीपटावर माझे नाव आहे, त्याच्यामागे ताईची नववी आहे. हे मी उपकाराच्या भाषेत लिहीत नाही. ती मागील बाकी आहे आणि हिशेबात ती दाखविली पाहिजे.

जमेची बाजूही दाखविली पाहिजे. माझी आजी कन्नड बोलणाऱ्या घरातली. तिच्यामुळे मला ‘लेक्का’ आणि ‘हिशेब’ हे दोन्ही शब्द शाळेत जाण्यापूर्वी येत होते. पुढे माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. वर्गातल्या ज्या मित्रांच्या घरी कन्नड नव्हते त्यांना सरकारी कचेरीतला साधा अर्ज भरतानाही दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते, आणि स्पर्धा परीक्षेच्या वेळी तेच अंतर अनेक पटींनी वाढते. मी त्यांच्याहून अधिक अभ्यासू आहे म्हणून मला दोन भाषा येत नाहीत. आजीच्या मांडीवर जे मिळाले त्याला बुद्धिमत्ता म्हणणे बरोबर होणार नाही.

निपाणीच्या वखारीतल्या बायकांविषयीही एके काळी असेच बोलले जाई की त्या मुकाट्याने राबतात, त्यांना हक्क कळत नाहीत. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या आणि मजुरीविषयी मालकांसमोर बोलू लागल्या. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी महामार्गावर येऊन बसले. बायका त्याच होत्या, शेतकरीही तेच होते. एकेकट्याने बोलण्याची जी किंमत मोजावी लागत होती, ती एकत्र आल्यावर कमी झाली, एवढाच फरक.

मग माणसाच्या हाती काय?

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की खरा हुशार माणूस कोणत्याही परिस्थितीत वर येतोच. अशी उदाहरणे आहेत आणि ती आदरणीय आहेत. पण पुरात एक जण पोहून पलीकडे गेला म्हणून ओढ्यावर साकव नको, असे कोणी म्हणत नाही. पोहून गेलेल्याचे कौतुक करावे आणि साकवही बांधावा. ज्यांना पोहता येत नाही त्यांनाही पलीकडच्या शाळेत जायचे असते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : सारे समाजच ठरवीत असेल, तर मेहनत कशाला करायची? याचे उत्तर हिशेबाच्या वहीतच आहे. मागील बाकी ही पहिली नोंद असते, शेवटची नसते. शिवाय ती बाकी आकाशातून पडलेली नसते. माणसांनीच केलेल्या नियमांनी ती तयार झालेली असते आणि माणसे ते नियम बदलू शकतात. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये मिलर समिती याच प्रश्नासाठी नेमली गेली. आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या मुलखांत हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परसवाड्याच्या बैगा-गोंडांच्या बाबतीतही नियम बदलला आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे स्पष्ट मान्य केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मागता येतो. पण या कायद्यातही एक रेघ आहेच. अनुसूचित जमातीच्या माणसाला ही तारीख पुरते. इतर वननिवासींना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. रेघ आखल्याशिवाय कायदा होत नाही हे खरे. म्हणूनच ती कोठे आखली, का आखली आणि तिच्या पलीकडे कोण राहिले, हे पाहत राहणे हे अभ्यासकाचे काम ठरते.

तीन प्रश्न

विद्यार्थी मित्रहो, या धड्याचा उपयोग करावयाचा तर फार मोठी साधने लागत नाहीत. एखाद्या माणसाविषयी किंवा समाजाविषयी मत बनविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या माणसाला आरंभी काय मिळाले होते : जमीन, भाषा, अक्षर, पत, आणि घरात कोणी थांबले म्हणून मिळालेला वेळ? दुसरा, ज्याला आपण त्याचा स्वभाव म्हणतो तो त्याच्यापुढील अटींना दिलेले समंजस उत्तर तर नाही? तिसरा, त्या अटी कोणी, केव्हा आणि कोणत्या सोयीसाठी घातल्या?

आपल्या महाविद्यालयात हे लगेच करता येण्यासारखे आहे. आपल्याबरोबर पहिलीत बसलेल्या मुलामुलींपैकी किती जण आज शिकत आहेत, बाकीच्यांनी कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या कारणाने शाळा सोडली, एवढीच माहिती प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरती गोळा करावी. नावे लिहू नयेत; मुलगा की मुलगी, घरची भाषा, शाळेचे माध्यम, घरचा धंदा आणि सोडल्याचे वर्ष पुरे. मराठी व कन्नड दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी हे केले आणि प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले, तर त्याचे एक कोष्टक तयार होईल आणि पुढील अंकात ते दोन्ही भाषांत छापता येईल. माझ्या गल्लीचे आकडे मी वर दिलेच आहेत.